स्टँडवरच्या टीव्हीचा रिमोट कोणाकडे असतो?

पोफळी:

मंडळी, रागाच्या भरात लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी गोव्यातल्या एका शाळेत शिकवते. घर आणि शाळेच्या मध्ये दोन बसी आणि एक स्टँड. स्टँडचं नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. साडेपाचची गाडी हुकली की आमच्या बाजूला सव्वासहाशिवाय काही नाही, आणि ती रोजच हुकते. म्हणजे रोजची चाळीस मिनिटं बाकावर. गेली अकरा वर्षं ती चाळीस मिनिटं माझी होती. वह्या तपासायच्या, नाहीतर कोण ओळखीचं भेटलं तर गजाली, नाहीतर नुसतं बसायचं. घरी पोचल्यावर नुसतं बसायला मिळत नाही हे इथल्या बायकांना सांगायला नको.

गणेशचवथीच्या आधी तिथे खांबावर मोठा स्क्रीन लावला. आम्हाला वाटलं चला, बसींचं टायमिंग दाखवणार. कसलं टायमिंग! सोन्यावर कर्ज, मग डोंगरावरचे व्हिला, मग कॅसिनो, मग टकलावर केस लावणारे डॉक्टर, मग नीट-जेईईचे क्लास, आणि परत सोन्यावर कर्ज. मी घड्याळ लावून बघितलं, सात मिनिटांत एक फेरी पूर्ण होते. म्हणजे मी एका संध्याकाळी तेच कर्ज पाच वेळा ऐकते, शाळेचे दोनशेवीस दिवस धरले तर वर्षाला अकराशे वेळा. एवढ्या वेळा मी वर्गात पाढे घेतले असते तर पोरं गणितात गेली असती कुठच्या कुठे. आणि आवाज इतका की वह्या तपासताना एका पोराच्या निबंधावर मी चुकून 'सुलभ हप्ते' लिहून ठेवलं. खरंच लिहिलं. खोडलं मग.

सासूबाईंना कानाचं मशीन आहे. मशीनला बसचा हॉर्न, जाहिरात आणि माणूस यातला फरक कळत नाही, ते सगळंच मोठं करतं. त्यामुळे स्टँडवर आल्या की त्या मशीन काढून पर्समध्ये टाकतात आणि मग कंडक्टरची हाक ऐकू येत नाही. गेल्या महिन्यात डोळ्यांदेखत दोन गाड्या गेल्या.

पेपरातली जाहिरात मी पान उलटून टाळते. मोबाइलवर स्किप आहे. इथे बस त्याच खांबाखाली लागते, मी जाऊ कुठे? माझ्या थांबण्याचे पैसे कोण घेतंय आणि मला विचारलं कोणी, एवढंच मला विचारायचंय.

रापणकार:

कानात इअरफोन घाल आणि गाणी ऐक. एवढा मोठा निबंध लिहिला, आता खाली सही कर आणि 'सुलभ हप्ते' पण लिही :)

पोफळी:

रापणकार, इअरफोन घातला तर कंडक्टरची हाक कशी ऐकणार? तेच तर लिहिलंय वर. आणि आवाज चुकवायला दुसरा आवाज कानात कोंबायचा, म्हणजे डास चावतात म्हणून अंगाला तिखट लावायचं तसं झालं.

उर्राक_विथ_लिंबू:

मी त्याच स्टँडवरून जातो बहुतेक. कॅसिनोच्या जाहिरातीतली ती बाई शेवटी डोळा मारते ना? माझा चार वर्षांचा पोरगा आता आजीला बघून तसाच डोळा मारतो.

मिठागर:

पोफळीताई, मी वकिली करतो, पण हे फुकटचं मत आहे, त्यामुळे त्याची किंमत तेवढीच धरा.

आवाजाचा भाग तुलनेनं सोपा आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. कमर्शियल भागात दिवसा ६५ डेसिबल, रात्री ५५. हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्याभोवतीचा निदान १०० मीटरचा भाग सरकारला शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, तिथे दिवसा ५० आणि रात्री ४०. लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि रात्री दहा ते सकाळी सहा बंद. हे आपल्याकडे फक्त लग्नाच्या आणि पार्टीच्या वेळी आठवतं, पण नियमात कुठे पार्टीच असं लिहिलेलं नाही. टीव्हीला स्पीकर जोडून चौकात ऐकवला तर तो लाउडस्पीकर का नाही, असा वाद मी तरी घालेन. आणि २००५ च्या जुलैमध्ये सुप्रीम कोर्टाने याच विषयावर स्वच्छ सांगितलंय की एकाला बोलायचा हक्क आहे तसा दुसऱ्याला न ऐकायचाही आहे, ऐकायची सक्ती कोणी कोणावर करू शकत नाही.

आता एक गंमत सांगतो, तुमच्या चाळीस मिनिटांशी तंतोतंत जुळणारी. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या ट्राममध्ये आणि बसमध्ये कंपनीने रेडिओ बसवले होते, गाणी आणि मधेमधे जाहिराती. प्रवाशांपैकी दोघे कोर्टात गेले आणि प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत पोचलं, १९५२ साली. प्रवासी हरले. पण न्यायमूर्ती डग्लस यांनी विरोधी मत लिहिलं, की माणूस घरी रेडिओ बंद करू शकतो, ट्राममध्ये तो अडकलेला असतो, त्याला ऐकण्यावाचून किंवा न ऐकण्याची धडपड करण्यावाचून पर्याय नसतो. आणि न्यायमूर्ती फ्रँकफर्टर तर या केसमधून बाजूलाच झाले. कारण काय दिलं, तर मी स्वतःच या प्रकाराला इतका वैतागलोय की माझ्याकडून तटस्थ न्याय होणार नाही! म्हणजे सुप्रीम कोर्टाचा जज्जसुद्धा गाडीत बसून तुमच्यासारखाच दात खात होता.

डोळ्यांचं मात्र कठीण. मान वळवा म्हणतात. कानाला पापणी नाही एवढा तरी मुद्दा आवाजात मांडता येतो.

खाजनबांध:

डोळ्याला पापणी आहे हे बरोबर, पण बाइकवर ती मिटून कसं चालेल?

आमच्या शेजारी एक पायलट आहे. बाहेरच्यांसाठी सांगतो, विमानाचा नव्हे, मोटारसायकलवरून सवारी नेणारा, पिवळ्या मडगार्डचा. वीस वर्षं धंदा करतोय. तो सांगत होता की एका चौकात सिग्नलच्या बरोब्बर मागे एलईडी बोर्ड लावलाय, रात्री जाहिरातीचा लाल रंग आला की सिग्नलचा लाल त्यात मिसळून जातो आणि समोरचा बोर्ड पांढरा झाला की दोन सेकंद काहीच दिसत नाही. नुसती गंजलेली फ्रेम असती तर एवढं नसतं, हलणारं चित्र आहे ना. डोळ्याच्या कोपऱ्यात काही हललं की मान आपोआप तिकडे जाते, हे आपण ठरवून करत नाही, रानात वाघ बघायला शिकलो तेव्हापासूनचं आहे ते. जाहिरातवाल्यांना ते आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

हिशेब करून बघा. साठच्या स्पीडला गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर जाते. दोन सेकंद बोर्ड बघितला की तेहतीस मीटर आंधळे गेलो. अमेरिकेत शंभर गाड्यांमध्ये कॅमेरे बसवून वर्षभर अभ्यास केला होता, २००६ ला छापलाय, त्यात दिसलं की रस्त्यावरून नजर दोन सेकंदांपेक्षा जास्त हटली तर अपघाताची शक्यता दुप्पट होते. आणि आपल्या रस्त्यांवर समोरून कधी गाय, कधी रेन्ट-अ-बाइकवाला रॉंग साइडने.

दिल्लीच्या रस्त्यांबद्दल सुप्रीम कोर्टाने १९९७ लाच सांगितलं होतं की वाहतुकीला धोका होतील अशी होर्डिंग काढा. तेव्हा तर रस्त्यांवर असे एलईडी बोर्ड सर्रास नव्हतेच.

फ्लेक्सवाला_म्हापसा:

सगळ्यांचं वाचलं. आता माझं पण ऐका, पोट आहे माझ्यामागे.

माझं छोटं दुकान, एक मशीन, दोन पोरं कामाला. तुम्ही ज्याला होर्डिंग होर्डिंग म्हणताय त्यातलं माझ्याकडे काही येत नाही. युनिपोल, गँट्री, मोठ्या साइट सगळ्या बाहेरच्या एजन्सीकडे, प्रिंटिंगपण बाहेरून होऊन येतं, इथे फक्त चढवायला माणसं घेतात. माझ्याकडे येतो तो वाढदिवसाचा फ्लेक्स, चवथीच्या शुभेच्छा, बारावीत पास झालेल्याचं अभिनंदन, जत्रेचं नाटक, क्रिकेटची टुर्नामेंट. त्यातला वाढदिवस उधारीवर. भाऊंच्या वाढदिवसाचे वीस फ्लेक्स, तीस जणांचे फोटो गोल गोल कापून लावायचे, एकाचा फोटो दुसऱ्यापेक्षा लहान झाला तर रात्री बाराला फोन. आणि पैसे पुढच्या वाढदिवसाला.

तरी एक कबूल करतो. माझे वडील बोर्ड रंगवायचे. ब्रश, ऑइल पेंट, एक बोर्ड तीन दिवस. महाग पडायचं म्हणून माणूस विचार करून लावायचा आणि लावला की पाच वर्षं ठेवायचा. फ्लेक्स स्वस्त झाला आणि कोणीपण कुठेपण बांधायला लागला, तारेने आंब्याला पण बांधतात. जत्रा संपली तरी काढत नाही, पावसात फाटून लोंबतो, मग कोणीतरी नेऊन लाकडांवर झाकतो, हा एकच त्याचा चांगला उपयोग.

आणि धोक्याचं म्हणाल तर घाटकोपरनंतर मी स्वतः दोन ऑर्डरींना नाही म्हटलं. १३ मे २०२४, वादळात होर्डिंग पेट्रोलपंपावर पडलं, १७ माणसं गेली. १२० बाय १२० फूट होतं ते, आणि मुंबईत परवानगी ४० बाय ४० पर्यंतची. आम्हाला धंद्यातल्यांना बघूनच कळतं की वारा कुठे भरणार. चेन्नईला २०१९ मध्ये तर साधा दुभाजकावर बांधलेला फ्लेक्स स्कूटरवरच्या पोरीवर पडला आणि मागून टँकर आला. एवढुशा फ्लेक्सने माणूस जातो. पण सरसकट बंदी म्हणाल तर मोठे वाचतात आणि आमच्यासारखे मरतात, हे नेहमीचं.

तिसरी_घंटा:

फ्लेक्सवाले भाऊंना दुजोरा. मी हौशी नाटकवाला. पोफळीताईंच्या रागात आमचा पण नंबर लागू नये म्हणून लिहितोय.

लहानपणी आमच्या गावात दुपारी जीप यायची, टपावर भोंगा. 'आज रात्री ठीक दहा वाजता, श्रींच्या प्रांगणात, तीन अंकी पौराणिक नाटक' आणि मागून रंगीत हँडबिलं उडवत जायची. आम्ही पोरं जीपमागे धावायचो. तियात्राची, म्हणजे कोंकणी नाटकाची, पण यायची, तीच जीप, दुसरी कॅसेट. आवाज काय कमी नव्हता, झोपलेली म्हातारी माणसं शिव्या घालायची. मग ती जाहिरात नव्हती काय? ती चालते आणि स्क्रीन चालत नाही, असं कसं?

मी दोन दिवस यावर विचार केला आणि माझं उत्तर असं की जीप निघून जायची. तीन मिनिटं, संपलं. आणि बोलवायची ती आपल्याला, आपल्याच देवळापुढे, रात्री तोच जीपवाला स्टेजवर नारद असायचा. स्क्रीन जात नाही, आणि त्याच्यामागे कोण आहे ते आपल्याला कधी भेटत नाही. कंडक्टर 'फोंडा फोंडा फोंडा' ओरडतो ती पण जाहिरातच की, पण ती नसेल तर आपण घरी जाणार नाही.

कुळागर:

घंटाबाबाने माझं अर्धं काम केलं. उरलेलं अर्धं लिहितो, जरा मोठं होईल.

मी आठवड्यातून तीनदा ६६ नंबरच्या हायवेवरून जातो. एकदा ठरवून मोजलं की होर्डिंगवर लिहिलंय काय आणि कोणासाठी. जवळजवळ सगळी इंग्रजीत. 'तुमचं दुसरं घर गोव्यात.' अरे माझं पहिलंच गोव्यात आहे, आणि त्याचं छप्पर गळतंय! सी-व्ह्यू व्हिला, पूलसकट. त्यानंतर कॅसिनो. गोंयकारांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे, २०२० च्या फेब्रुवारीपासून अंमलात आलीय. म्हणजे ज्या दारातून मला आत सोडत नाहीत त्या दाराची जाहिरात मी रोज बघायची, माझ्या शाळेतल्या पोरांनी पाठ करायची. जाहिरात माझ्यासाठी नाहीच. मोपा विमानतळावर उतरून टॅक्सीत बसलेल्या माणसाला गाठायचंय, त्याच्या वाटेत मी राहतो एवढाच माझा गुन्हा. रापण ओढताना बांगड्याबरोबर जे नको ते पण जाळ्यात येतं ना, ते आपण. (रापणकार, तुझ्या नावावरूनच सुचलं, राग नको.)

आणि हा रस्ता, हा डोंगर, हा स्टँड कोणाचा? आपल्याकडे याला जुना शब्द आहे, गावकारी. पोर्तुगीज आले तेव्हा गावकारी आधीपासूनच चालत होती, त्यांनी १५२६ च्या फोरालमध्ये, म्हणजे सनदेत, तिचे रीतिरिवाज फक्त लिहून काढले. शेत गावाचं, बांध गावाचा, मानशीतल्या (बांधाच्या दारातल्या) मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, व्हायची आणि सगळ्या गावासमोर व्हायची. कोणी एकट्याने उठून गावाचा बांध परस्पर विकला असं चालत नव्हतं. (आजच्या कोमुनिदादींच्या, म्हणजे गावकारीच्याच पुढच्या रूपाच्या, भानगडी मला माहीत आहेत, कृपया तो विषय इथे काढू नका, धागा हजारावर जाईल.) मला म्हणायचंय ते एवढंच की समोरचं जे दिसतं, ती डोंगराची कड, मांडवीवरचा संध्याकाळचा उजेड, स्टँडवरचा शांतपणा, हे पण गावाचंच होतं, आणि त्याची पावणी झाली, पण ती कुठल्या तरी केबिनमध्ये, गावाला न बोलावता.

होऊच शकत नाही म्हणणाऱ्यांसाठी. ब्राझीलमध्ये साव पावलो, कोटीच्या वर वस्तीचं शहर. २००६ ला कायदा केला, १ जानेवारी २००७ पासून बाहेरच्या जाहिराती बंद. सुमारे पंधरा हजार होर्डिंग उतरवली. दुकानाची पाटी पण किती मोठी असावी ते ठरवून दिलं. धंदेवाले कोर्टात गेले, बोंबाबोंब झाली. उतरवल्यावर होर्डिंगांमागे इतकी वर्षं झाकलेल्या वस्त्या लोकांना दिसायला लागल्या. फ्रान्समध्ये ग्रेनोबल नावाचं डोंगरातलं शहर, २०१४ ला महापौराने कंपनीचं कंत्राट वाढवलंच नाही, ३२६ बोर्ड काढले आणि काही जागी झाडं लावली.

ती मोठी शहरं सोडा. अमेरिकेतलं व्हरमाँट राज्य, डोंगर, झाडी, पर्यटनावर जगणारं, अगदी आपल्यासारखं. १९६८ मध्ये होर्डिंगबंदी केली. हॉटेलवाल्यांना वाटलं आपण बुडालो. सरकारने काय केलं, तर रस्त्याकडेला एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या छोट्या दिशादर्शक पाट्या लावायची सोय दिली, अमुक हॉटेल, इतके मैल, बाण. पर्यटक अजून जातातच तिथे, झाडं बघायलाच जातात. हवाई बेटांवर तर होर्डिंगबंदी त्याच्याही कितीतरी आधीची. पर्यटन आहे म्हणून होर्डिंग पाहिजेत असं जे आपल्याला सांगतात त्यांना या दोन जागा दाखवा.

हिशेबनीस:

कुळागर, साव पावलोची पुढची गोष्ट पण सांगा ना. २०१२ मध्ये तिथे बसथांब्यांवर आणि रस्त्यावरच्या घड्याळांवर जाहिराती परत आल्या, कारण थांबे बांधायला आणि सांभाळायला पैसे कोण देणार? मी खाजगी नोकरीत अकाउंट्स बघतो, भावनेत वाहून जात नाही. स्टँडचं छप्पर, संडास, लाइट याला पैसे लागतात. तिकीट दोन रुपयांनी वाढवलं तर हाच धागा उलट्या बाजूने निघेल. जाहिरात ही गरिबाची सबसिडी आहे असं समजा.

पोफळी:

हिशेबनीस, त्या संडासात जाऊन या आणि मग सबसिडीबद्दल बोला.

कुळागर:

हिशेबनीस, २०१२ चं बरोबर आहे, मी सांगायला हवं होतं. पण बघा, त्यांनी आधी सगळं शून्य केलं आणि मग ठरवून, मोजून, शहराच्या अटींवर थोडं परत आणलं. आपल्याकडे सुरुवातच उलटी, जे कोणी आधी खांब रोवेल त्याचं. आणि मी पण हिशेबच मागतोय. स्टँडला त्या स्क्रीनचे महिन्याला किती मिळतात? रोज पाच-सहा हजार माणसं तिथे बसत असतील तर दर डोक्याला किती पडले? काही पैशांत आमची चाळीस मिनिटं गेली असतील तर मी ते पैसे स्वतः भरतो, स्क्रीन बंद करा.

उर्राक_विथ_लिंबू:

मी पण भरतो. सुलभ हप्त्यांत.

मिठागर:

कुळागरचा प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारता येतो. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. कराराची प्रत मागा, महिन्याचं भाडं मागा, आणि आवाजाबद्दल करारात काय लिहिलंय ते वेगळं मागा. 'का' असा प्रश्न विचारू नका, 'का'ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. कागद मागा.

अजून एक. गोव्यात मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्धचा कायदा १९८८ पासून आहे. निवडणूक लागली की आठवड्यात सगळे फ्लेक्स गायब होतात तो आचारसंहितेचा आणि त्याचा प्रताप. म्हणजे यंत्रणा आहे, माणसं आहेत, ट्रक आहेत, शिडी आहे. पाच वर्षांतून दीड महिना सगळं चालतं.

आणि सिगारेटच्या जाहिराती आठवतात का कोणाला? नाक्यानाक्यावर असायच्या. २००३ च्या कायद्यानंतर गेल्या. तेव्हा पण म्हणायचे धंदा बुडेल. आज त्या नसल्याचं कोणाच्या लक्षातही येत नाही.

खाजनबांध:

फोनवर जाहिरातीचे कॉल नकोत म्हणून १९०९ या नंबरवर कळवता येतं. म्हणजे फोन माझा आहे, विचारल्याशिवाय त्यात घुसू नका, हे सरकारने मान्य केलंय. मग रस्त्यासाठी कुठला नंबर लावायचा?

रापणकार:

मी आधी टिंगल केली होती, पण काल दिवाडी बेटावर गेलो होतो, परत येताना फेरीबोटीत उभा होतो. दहा मिनिटांचं पाणी. इंजिनाचा आवाज, कोणाच्या तरी पिशवीत कोंबडी, दोन पोरी कठड्याला टेकून कसलं तरी भांडण मिटवत होत्या. चालत येणाऱ्याला पैसे पण पडत नाहीत. एकदम डोक्यात आलं की इथे काही विकत नाहीयेत. आता मेल्या कोणालातरी सुचेल हे वाचून आणि तिथे पण स्क्रीन लावतील. लिहायला नको होतं बहुतेक.

फ्लेक्सवाला_म्हापसा:

सुचलंय आधीच. मला विचारणा आली होती कठड्याच्या मापाची. पुढे काही झालं नाही.

पोफळी:

आरटीआय टाकला. दहा रुपयांचं स्टॅम्प मिळवायला तीन खिडक्या फिरले. उत्तर आलं की लिहिते.

पोफळी:

आलं उत्तर, सत्ताविसाव्या दिवशी. चौदा पानांचा करार. भाडं किती ते वाचून मी दोनदा शून्य मोजले, आकडा इथे टाकत नाही, पण कुळागर, तुमच्या हिशेबाने दर माणसाला दिवसाला दहा पैसे पण पडत नाहीत. आठवडाभर मी डोक्यात पन्नास पैसे धरून चालले होते.

आवाजाबद्दल एकच ओळ आहे: 'बसच्या उद्घोषणांना अडथळा येणार नाही इतपत'. आता मजा ऐका. स्टँडची उद्घोषणेची सिस्टिम गेली दोन वर्षं नादुरुस्त आहे. उद्घोषणाच नाही, त्यामुळे अडथळा नाही, त्यामुळे आवाज कितीही!

मिठागर:

कंडक्टरची हाक हीच तिथली उद्घोषणा, असं अर्जात लिहा. लेखी. कंडक्टरांच्या सह्या घ्या.

पोफळी:

त्रेचाळीस सह्या झाल्या. त्यात नऊ कंडक्टर, चार ड्रायव्हर, चणेवाली, पेपरवाला आणि बाकी आम्ही बाकावरचे. एका कंडक्टरने सांगितलं की बाय, ह्या टीव्हीवर ओरडून ओरडून माझा घसा बसलाय, रात्री घरी बायकोशी बोलायला आवाज राहत नाही. बायको मात्र खूश असेल असं चणेवाली म्हणाली.

अर्ज घेऊन ऑफिसात गेले. तिथले साहेब भले आहेत, खुर्ची दिली, चहा सांगितला. म्हणाले मॅडम, मला पण त्रास होतो, माझं टेबल बरोबर त्याच्या खाली आहे. पण रिमोट आमच्याकडे नाही. एजन्सीकडे आहे. एजन्सीचं ऑफिस बाहेरच्या राज्यात. महिन्यातून एकदा एक पोरगा येतो, पेनड्राइव्ह बदलतो आणि जातो.

उर्राक_विथ_लिंबू:

म्हणजे तालुक्याचा रिमोट एका पोराच्या खिशात.

पोफळी:

पोरगा काल सापडला. शिडीवर होता. विशीतला असेल, कारवारकडचा. मी खालून हाक मारली, अर्जाची कॉपी दाखवली, त्रेचाळीस सह्या दाखवल्या. तो घाबरला, त्याला वाटलं पोलीस केस आहे. मग सासूबाईंनी त्याला मशीन काढून दाखवलं, कानाचं, आणि सांगितलं की पुता, मला गाडी ऐकू येत नाही रे.

त्याने खिशातून रिमोट काढला आणि आवाज शून्यावर नेला. म्हणाला, आँटी, आवाज कमी करा असं मला आजपर्यंत कोणी सांगितलंच नाही. सहा स्टँड फिरतो मी.

चित्र चालूच आहे. ती बाई अजून डोळा मारते, पण आता मुकाट्याने. सव्वासहाच्या गाडीचा कंडक्टर नेहमीच्याच पट्टीत ओरडला आणि सगळा स्टँड दचकला. मी सात वह्या तपासल्या.

कुळागर:

बाकीचे पाच स्टँड कुठले, विचारलं काय त्याला?

पोफळी:

विचारलं. तीन माहीत होते, बाकीचे दोन लिहून घेतलेत. तो परत बारा तारखेला येणार, नवीन पेनड्राइव्ह घालताना आवाज आपोआप परत वर जातो म्हणाला.

उर्राक_विथ_लिंबू:

बाराला मी पण येतो. पोराला चहा-भजी माझ्याकडून.

फ्लेक्सवाला_म्हापसा:

'कृपया आवाज शून्यावर ठेवावा' असा छोटा बोर्ड करून देतो, शिडीच्या उंचीवर लावायला. ब्रशने. वडिलांचे ब्रश अजून आहेत.

रापणकार:

आणि खाली कोणाचा फोटो नको हां.